एएन-३२ अजून का उडतं? उत्तर आपल्या मालवाहू विमानांच्या इतिहासात आहे

सांगलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आपल्या हवाई दलाकडे सत्तर टनांच्या वर ओझं नेणारं सी-१७ आहे, सी-१३०जे आहे. मग १९८४ साली आलेलं, सहा-सात टनांचं एएन-३२ अजून का उडवतात? इतक्या जातींची विमानं सांभाळण्यापेक्षा जुनी काढून सगळी मोठीच का घेत नाहीत?"

मी हवाई दलातून फ्लाइट इंजिनीयर म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ एएन-३२ वर गेला, आधी चंदीगडला आणि मग जोरहाटला. या विमानावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण खाली जे लिहितोय ते नुसत्या मायेपोटी नाही. त्यामागे उड्डाणापूर्वी रोज करावी लागणारी आकडेमोड आहे.

आधी प्रश्नाच्या मांडणीबद्दल. विमान किती टन उचलतं हा आकडा तुम्ही माहितीपत्रकातून घेतला आहे. तो समुद्रसपाटीजवळची, लांब आणि पक्की धावपट्टी धरून काढलेला असतो. आपल्या मालवाहू विमानांचं अवघड काम जिथे चालतं, तिथे समुद्रसपाटी नसते, लांबी नसते आणि पुष्कळदा पक्की पट्टीही नसते. त्यामुळे प्रश्न असा विचारायला हवा: अमुक उंचीवरच्या, अमुक लांबीच्या पट्टीवर, अमुक तापमानाला हे विमान काय घेऊन उतरेल? आणि परत निघताना ऐन टेकऑफच्या वेळी एक इंजिन गेलं तर समोरचा डोंगर चुकवेल का?

लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७२ टक्के. हवा विरळ झाली की अडचणी एकट्यादुकट्या येत नाहीत. पंखांना तेवढीच उचल मिळायला विमानाला जास्त वेगानं पळावं लागतं. लेहला साधारण १८ टक्के जास्त, आणि लडाखच्या उत्तर टोकावरच्या दौलत बेग ओल्डीच्या पट्टीला, म्हणजे १६,६१४ फुटांवर, जवळजवळ ३० टक्के. त्याच वेळी इंजिनाची ताकद घटते आणि प्रॉपेलरला ढकलायला हवाही कमी मिळते. म्हणजे गाठायचा वेग वाढला आणि गाठून देणारं बळ कमी झालं. उन्हाळ्यात सूर्य वर आला की हवा आणखी विरळ होते, दऱ्यांमधून वारा सुटतो. म्हणून लडाखची उड्डाणं पहाटे सुरू करून दुपारच्या आत उरकायची पद्धत पडली आहे.

आमची आकडेमोड त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या उलट दिशेनं चालायची. आधी तापमान, हवेचा दाब, वारा, पट्टीची लांबी, भोवतालचे डोंगर. मग एक इंजिन बंद पडलं तर काय, हा हिशेब. मग परतीचं इंधन, कारण पुढच्या पट्टीवर टँकर उभा असेलच असं नाही. हे सगळं वजा करून जे उरेल तेवढा माल. ओझं हा आमच्यासाठी कागदावरचा सगळ्यात शेवटचा आकडा असायचा. एकाच विमानातून, एकाच मुक्कामी, जानेवारीत आणि जूनमध्ये वेगवेगळा माल जातो तो यामुळेच.

हे ध्यानात ठेवून इतिहासाकडे पाहा. आपली मालवाहू विमानं कुणा एकानं बसून आखलेल्या यादीप्रमाणे आलेली नाहीत. एकेका उंचीनं आणि एकेका पट्टीनं ती मागून घेतली आहेत.

हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिघ रोडला उभी राहिली, वापिटी विमानांवर. मालवाहतुकीची स्वतःची स्क्वाड्रन मिळायला मात्र १९४६ उजाडलं. आधी स्पिटफायर या लढाऊ विमानावर असलेल्या १२ व्या स्क्वाड्रनला डाकोटा ही दोन इंजिनांची मालवाहू विमानं मिळाली. त्यानंतर वर्षभरातच काश्मीर पेटलं. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या १ शीख बटालियनचे जवान घेऊन डाकोटा दिल्लीहून श्रीनगरला निघाली. श्रीनगरचा विमानतळ आपल्या ताब्यात आहे की हल्लेखोरांच्या, याची वैमानिकांना खात्री नव्हती. आधी वरून घिरटी घालून पाहायचं आणि मग उतरायचं, असं ठरलेलं होतं. एका डाकोटात मोजकेच जवान आणि त्यांचं सामान मावायचं. तरीही ती विमानं धुळीच्या पट्टीवर दिवसभर येत-जात राहिली, नागरी कंपन्यांच्या डाकोटाही त्यात उतरल्या, आणि श्रीनगर हातचं गेलं नाही. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाची पहिली निर्णायक कामगिरी लढाऊ विमानांनी नव्हे, तर या डाकोटांनी केली, हे मी तरुणांना पुन्हा पुन्हा सांगतो.

त्यानंतरच्या दोन गोष्टी मला श्रीनगरपेक्षाही मोठ्या वाटतात, आणि दोन्ही एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या. पूंछ वेढलेलं होतं, आत फौजेबरोबर हजारो निर्वासित अडकलेले. तिथल्या लोकांनी आणि जवानांनी मिळून हातानं एक तोकडी पट्टी तयार केली. मेहर सिंगांनी तिच्यावर डाकोटा उतरवली. पुढे शत्रूच्या माऱ्यात, रात्री तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, तिथे तोफासुद्धा उतरवल्या गेल्या. याच लढाईत डाकोटाच्या दारातून बॉम्ब ढकलून ती बॉम्बफेकीलाही वापरली. दुसरी गोष्ट लेहची. २४ मे १९४८ ला मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन मेहर सिंग लेहला उतरले. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं सिंधूकाठी बांधून घेतलेली ती कच्ची पट्टी होती. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, पंखांवरचा बर्फ काढायची सोय नाही, त्या मार्गाचे भरवशाचे नकाशे नाहीत. झोजिला ओलांडून, आजूबाजूची शिखरं डोक्यापेक्षा वर ठेवत ते गेले. मागोमाग गुरखे विमानानं पोचले आणि लेह वाचलं.

मी स्वतः लेहच्या मार्गावर नव्या उपकरणांसह उडालो आहे. तरीही खराब हवेत तिथे छातीत धडधडतंच. त्या माणसानं ते काम डाकोटात केलं हे आठवलं की माझा हात आपोआप सॅल्यूटला जातो.

डाकोटाची खरी अडचण कुठे होती तेही सांगतो. तिला शेपटाखाली चाक, त्यामुळे जमिनीवर उभी असताना आतली जमीन उतरती. माल बाजूच्या दारातून चढवायचा. पोती, पेट्या, माणसं ठीक. पण गाडी किंवा तोफ चढवणं हे दिव्यच. म्हणून १९५४ पासून फेअरचाइल्ड पॅकेट आलं. दोन शेपट्यांचं, मागून उघडणारं, पोटाची जमीन सपाट आणि ट्रकच्या उंचीला. लडाखच्या उंचीवर त्याची दोन पिस्टन इंजिनं कमी पडू लागली, तेव्हा आपण त्याच्या पाठीवर एक छोटं जेट इंजिन बसवून घेतलं. टेकऑफच्या आणि अडचणीच्या वेळी ते पेटवायचं. जगात पॅकेट पुष्कळांनी वापरलं, पण त्याला असं पाठीवर बळ देऊन वर्षानुवर्षं हिमालयात राबवणारे आपणच. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. एवढ्या उंचीवर तोवर कुणीच असं विमान उतरवलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चिनी आक्रमण झालं. त्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवले तर मालवाहू विमानाची ताकद आणि मर्यादा एकदम दिसतात. चुशुलची पट्टी १४,००० फुटांच्या वर. तिथे एएन-१२ विमानांनी २० लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटचे एएमएक्स-१३ रणगाडे पोचवले, एका विमानात एक. हे चार इंजिनांचं सोव्हिएत विमान १९६१ मध्येच आपल्याकडे आलं होतं. ते वर्षभर उशिरा आलं असतं तर चुशुलला रणगाडा दिसलाच नसता. उलट पूर्वेला, नामका चू नदीच्या खोऱ्यात, उतरायला पट्टीच नव्हती. सगळं हवेतून टाकायचं होतं, आणि त्सांगधारचा ड्रॉप झोन, म्हणजे माल टाकायची जागा, अरुंद, उंच, दऱ्यांनी घेरलेला. टाकलेल्या मालाचा फार मोठा भाग दऱ्यांत गेला. वैमानिकांनी जिवाचं रान केलं, पण खाली जवानांच्या हाती पुरेसं पोचलं नाही. विमान तिथवर गेलं म्हणजे माल पोचला, असं होत नाही. हे दुःख वाहतूक शाखेतल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात मी फार ऐकलं आहे.

मधल्या काळात ऑटर आलं, १९६२ नंतर कॅरिबू आलं. दोन्ही लहान पट्ट्यांची कॅनडाची विमानं. कानपूरला अ‍ॅव्हरो बनू लागलं. आपल्या देशात जुळवलेल्या पहिल्या अ‍ॅव्हरोचं उड्डाण १ नोव्हेंबर १९६१ चं. माणसं नेण्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी ते उत्तम, पण मागून उघडणारा रॅम्प नसल्यामुळे अवजड कामात ते कधीच पुढे नव्हतं.

१९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरवले गेले, त्याबद्दल मात्र थांबायला हवं, कारण तिथे मराठी माणसाचा धागा सरळ आहे. ११ डिसेंबरला संध्याकाळच्या सुमारास पुंगली पुलाजवळ उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची बटालियन. तिच्याशी दुसऱ्या दिवशी येऊन हातमिळवणी केली ती जमालपूरकडून खाली आलेल्या १ मराठानं. पण माझ्या शाखेच्या नजरेतून त्या दिवसाचं मोठेपण वेगळं आहे. त्या ताफ्यात एएन-१२ होती, पॅकेट होती, डाकोटाही होत्या. तिघांचा वेग वेगळा, चढण्याची क्षमता वेगळी, पोटात मावणारी माणसं वेगळी. दमदम आणि कलाईकुंडा अशा दोन तळांवरून निघून, मिळेल त्या जातीची विमानं एका ओळीत आणून, छत्रीधारी एकाच भागात एकामागोमाग टाकायचे. शत्रूला चकवण्यासाठी दुसरीकडे कॅरिबूंनी बाहुल्या टाकल्या. त्याच युद्धाच्या पहिल्या रात्री एएन-१२ नं बॉम्ब भरून पाकिस्तानातल्या छांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर हल्ला केला, आणि विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीरचक्र मिळालं. हाताशी असलेल्या विमानातून ठरल्यापेक्षा जास्त काम काढायची सवय वाहतूक शाखेला पूंछपासून आहे.

आता तुमच्या एएन-३२ कडे येतो. सत्तरच्या दशकात डाकोटा, पॅकेट, कॅरिबू ही तिन्ही थकलेली होती आणि त्यांच्या जागी एक विमान हवं होतं. सोव्हिएत संघाकडे एएन-२६ होतं, पण आपल्या उंचीला आणि उष्म्याला त्याची इंजिनं अपुरी. मग त्याच सांगाड्यावर जवळपास दुप्पट ताकदीची एआय-२० इंजिनं बसवली गेली, प्रत्येकी पाच हजार अश्वशक्तीच्या वर. एवढ्या ताकदीला प्रॉपेलर मोठा लागतो. तो जमिनीला आणि अंगाला लागू नये म्हणून इंजिनं पंखाच्या वर चढवली. एएन-३२ लांबून ओळखू येतं ते त्या उंच बसलेल्या इंजिनांमुळे. हे विमान उष्ण आणि उंच प्रदेशासाठीच घडलं, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच होतो. त्याचं इंजिन एएन-१२ च्याच घराण्यातलं, त्यामुळे आमच्या तंत्रज्ञांना ते परकंही नव्हतं. आपल्या गरजेवर बेतलेलं असं दुसरं मालवाहू विमान आपल्याला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. हवाई दलानं त्याला सतलज हे नाव दिलं.

१९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत सुरू झालं आणि त्याच वर्षी हे विमान दाखल झालं. तेव्हापासून उत्तरेकडच्या पुरवठ्याची साखळी तीन कड्यांची आहे. मोठं विमान मैदानातून लेहला किंवा सियाचीनच्या वाटेवरच्या थॉइसच्या तळाला माल आणतं. पूर्वी हे काम एएन-१२ करायचं, १९८५ पासून आयएल-७६ हे मोठं सोव्हिएत जेट विमान, आणि २०१३ पासून सी-१७ सुद्धा. पुढच्या पट्ट्या आणि ड्रॉप झोन एएन-३२ सांभाळतं. आणि जिथे पट्टीही नाही अन् ड्रॉप झोनही नाही, त्या चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर थोडंथोडं नेऊन ठेवतं. मार्केट यार्डात येणारा दहा चाकी ट्रक कितीही मोठा असला, तरी गल्लीतल्या दुकानापर्यंत टेम्पोच लागतो, तसंच हे.

"पण सी-१७ लहान पट्टीवरही उतरतं ना?" असं तुम्ही विचाराल, आणि ते खरं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अरुणाचलातल्या मेचुकाच्या सुमारे ४,२०० फुटांच्या पट्टीवर ते उतरलं होतं. एवढ्या अजस्र विमानाकडून असं काम होतं ही त्याच्या घडणीची कमाल. पण एखाद्या पट्टीवर विमान उतरू शकतं आणि ते तिथे रोज उतरवावं, या दोन गोष्टी निराळ्या. अशा पट्टीवर ते आपल्या पूर्ण ओझ्याच्या कितीतरी कमी माल घेऊन जाणार. उभं राहिलं की सगळी जागा व्यापणार. आणि तिथे त्याचा टायर फुटला किंवा हायड्रॉलिक गळती लागली तर खोऱ्यातली एकमेव पट्टी बंद. एकूण ताफा ११ विमानांचा. त्यातलं एक असं अडकणं आणि शंभराच्या आसपास असलेल्यांपैकी एक एएन-३२ अडकणं, यात युद्धाच्या काळात फार मोठा फरक पडतो.

हवेतून माल टाकण्याचं गणित तर आणखी कडक आहे. आधी सांगितलं की उंचीवर खरा वेग वाढतो. वळण्याची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १८ टक्के वाढला तर तेवढ्याच कलानं वळायला सुमारे ४० टक्के जास्त जागा लागते. ३० टक्के वाढला तर ७० टक्क्यांच्या जवळ. दरी मात्र आहे तेवढीच राहते. खोऱ्यात शिरून, माल टाकून, वळून बाहेर पडायचं असतं तेव्हा विमानाचा आटोपशीरपणा हाच जीव वाचवतो. टाकायला मिळतात ते काही सेकंद. मागचा रॅम्प उघडा, आर्मी सर्व्हिस कोअरचे जवान आणि आमचा फ्लाइट गनर दोऱ्या बांधून उभे, हिरवा दिवा लागला की माल सुटायला हवा. माल बांधलेलं एक पॅलेट (फळी) अडकलं तर वजनाचा मध्य मागे जाऊन विमान नाक वर करायला लागतं, तेही समोर डोंगर असताना. खाली चौकीतले जवान त्या मालातल्या रॉकेलवर आणि पिठावर हिवाळा काढणार असतात, हे विमानातल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणूनच एक फेरी चुकली तर पुन्हा फिरून यायची आमची तयारी असायची.

याचा अर्थ मोठ्या विमानांची किंमत कमी, असा अजिबात घेऊ नका. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून निघालेली आयएल-७६ विमानं दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता कापून, समुद्रानं वेढलेल्या हुलहुलेच्या पट्टीवर अंधारात उतरली आणि बंडाच्या तडाख्यातून मालदीवचं सरकार वाचलं. हे एएन-३२ च्या आवाक्यातलंच नव्हतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सी-१७ नं पुण्याहून जामनगरला ऑक्सिजनचे रिकामे क्रायोजेनिक टँकर नेले. भरलेले टँकर रस्त्यानं किंवा रेल्वेनंच परत यायचे, कारण द्रवरूप ऑक्सिजन विमानात भरून नेणं धोक्याचं. पण जातानाचे दिवस वाचले, आणि त्या दिवसांत प्रत्येक तास मोलाचा होता. सी-१३०जे चं कसब तिसरंच: अंधारात, दिव्यांशिवाय, नाइट व्हिजन गॉगलवर उतरणं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये वादी सय्यदनाच्या पट्टीवर रात्री उतरून त्यानं आपली १२१ माणसं आणली. २० ऑगस्ट २०१३ ला दौलत बेग ओल्डीला उतरलेलंही तेच. पण त्या पट्टीला ४३ वर्षांच्या खंडानंतर जाग आणली ती ३१ मे २००८ ला, एएन-३२ नं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर लांब अंतर आणि अवजड नग यांसाठी सी-१७ व आयएल-७६, गुप्त आणि रात्रीच्या कामासाठी सी-१३०जे, रोजच्या पुरवठ्यासाठी आणि डोंगरातल्या पट्ट्यांसाठी एएन-३२. एक काढलं तर दुसरं त्याचं काम काही अंशी करेल, पण दर फेरीला नुकसान सोसून.

आता तुमच्या प्रश्नातली रास्त बाजू. जाती जास्त म्हणजे सुटे भाग जास्त, प्रशिक्षण जास्त, साठे जास्त. हवाई दलाची मेंटेनन्स कमांड आपल्या नागपूरला आहे. तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा, देशोदेशींच्या विमानांचे भाग वेळेवर मिळवणं हे किती जिकिरीचं आहे ते सांगतील. एएन-३२ चं उदाहरण घ्या. २००९ मध्ये १०५ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. ४० विमानं तिकडे जाऊन आली, उरलेली कानपूरच्या १ बीआरडीत, म्हणजे हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोत, करायची होती. २०१४ नंतर रशिया आणि युक्रेन यांच्यातल्या संघर्षानं सगळं वेळापत्रक विस्कटलं. ज्या देशानं विमान दिलं तो देशच उरला नाही, आणि त्याचे दोन वारस एकमेकांशी लढायला लागले, असा अनुभव आपल्या वाट्याला आला.

आणि सुरक्षिततेचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसं झालं. त्याचे अवशेष साडेसात वर्षांनी समुद्राच्या तळाशी, ३,४०० मीटर खोल सापडले. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं विमान १३ जणांसह डोंगरावर कोसळलं. जोरहाट-मेचुका हा मार्ग माझ्या ओळखीचा आहे आणि त्या तेरांबद्दल लिहिताना आजही जड जातं. पण विमानाचं वय वर्षांत मोजणं पुरेसं नाही. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, शेवटचं ओव्हरहॉल कधी झालं, सांगाड्याच्या कुठल्या भागाला तडे तपासले, यावर आयुष्य ठरतं. शिवाय अरुणाचलातलं हवामान आणि डोंगरांत अचानक भरून येणारे ढग नव्या विमानालाही सोडत नाहीत. तरीही माझं मत स्पष्ट आहे: या विमानांच्या निवृत्तीचा आराखडा आतापासून पक्का असायला हवा. ते अजून उडतात याचं कारण त्यांची योग्यता आहे, तसंच बदली वेळेवर न ठरणं हेही आहे.

बदलीची सुरुवात झाली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. १६ स्पेनमधून आणि ४० वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात बनणारी. कागदावर ती अ‍ॅव्हरोच्या जागी आहेत. पण मागचा रॅम्प, तोकड्या आणि कच्च्या पट्ट्यांवर उतरण्याची क्षमता आणि एएन-३२ पेक्षा थोडं जास्त ओझं हे पाहता, त्यातलं पुष्कळ काम एएन-३२ चंच असेल असा माझा अंदाज आहे. त्याच्या वर, १८ ते ३० टनांच्या मध्यम विमानासाठी हवाई दलानं डिसेंबर २०२२ मध्ये कंपन्यांकडून माहिती मागवली. त्यात एम्ब्राएर सी-३९०, सी-१३०जे आणि एअरबस ए४००एम यांची नावं चर्चेत आहेत.

किती विमानं लागतील, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला, २०२४ च्या मार्चमध्ये सेला बोगदा. झोजिलाचा पुरा झाला की लडाखची हिवाळी कोंडी बरीच सुटेल आणि डाळ-पीठ ट्रकनं जाईल. उलट २०२० च्या गलवाननंतर लडाखमधली फौज वाढली, तशी हवाई पुरवठ्याची मागणीही वाढली. पट्ट्या लांब आणि पक्क्या झाल्या तर मोठी विमानं जास्त पुढे जातील. पण लढाईत पट्टीवर बॉम्ब पडला तर पुन्हा तोकड्या जागेत उतरणाऱ्याचीच गरज.

तुम्ही अभियांत्रिकी शिकता, म्हणून एक काम सुचवतो. या मध्यम विमानाच्या निवडीच्या बातम्या येतील तेव्हा जास्तीत जास्त किती टन, हा मथळ्यातला आकडा बाजूला ठेवा. प्रत्येक विमानाचं टेकऑफचं कमाल वजन, इंजिनांची ताकद आणि पंखांचं क्षेत्रफळ घ्या. मग ११,००० फूट उंची, २५ अंश तापमान आणि परतीचं इंधन सोबत, असं धरून किती माल उरतो ते स्वतः काढून बघा. एका इंजिनाशिवाय चढाईचा दर किती पडतो तेही काढा. ढोबळ आकडेमोडीतही क्रम बदललेला दिसेल. उत्तरं आली की लिहा, मी तपासून देईन.